खाटेवर बसून दिसेल अशी खिडकी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत घराच्या सजावटीवर बरेच छापून येते. आरशांची कपाटे, चकचकीत लादी, फॉल्स सीलिंग. याचा मनावर काय परिणाम होतो ते मी माझ्याच घरात पाहिले, म्हणून लिहिते आहे.

मी गुहागर तालुक्यातली निवृत्त परिचारिका. तीन वर्षांपूर्वी आम्ही चिऱ्याचे कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधले. सासूबाई तेव्हा ८२ वर्षांच्या. विसरायला लागल्या होत्या, पण दिवसभर ओटीवर बसून पाखाडीने, म्हणजे समोरच्या दगडी पायवाटेने, कोण गेले, कोणाच्या हातात काय होते, सगळे सांगायच्या. नव्या घरात त्यांना स्वतंत्र खोली दिली. खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर. खाटेवर बसल्या की ग्रिल आणि आभाळाचा तुकडा. पहिल्याच पावसाळ्यात विचारू लागल्या, "यंदा पाऊस नाही का गो?" बाहेर धो धो कोसळत होता. कौलांवर वाजायचा तसा तो स्लॅबवर वाजत नाही.

मग त्या लादीवरून लुगडे वर धरून चालू लागल्या, कारण ती चकाकी त्यांना पाणी वाटे. काळे पायपुसणे म्हणजे खड्डा. कपाटाच्या आरशातल्या बाईला "बस गो" म्हणायच्या आणि ती बोलत नाही म्हणून रडायच्या. दिवसा डुलक्या, रात्री जाग, आणि एकच धोशा: "मला घरी ने." स्मृतिभ्रंश घरामुळे झाला नाही, हे मला कळते. पण ज्या खुणांवर त्यांचे उरलेसुरले भान टिकून होते, त्या आम्हीच पाडल्या होत्या.

अमेरिकेत रॉजर अलरिक यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले २३ रुग्ण खिडकीतून झाडे पाहत होते आणि तसेच २३ विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, वेदनाशामकाचे कडक डोसही त्यांना कमी लागले. माझ्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेसाठी रुग्ण हट्ट धरत आणि मी त्यांना गप्प करत असे. त्याचे आज फार वाईट वाटते.

गेल्या दिवाळीनंतर गवंडी बोलावला. खिडकी दीड फुटापर्यंत खाली घेतली, आरशांवर कापड शिवून लावले, पायपुसणे काढले. गोठ्यामागे राहिलेली मंगलोरी कौले घालून पुढे छोटी पडवी काढली. आता सकाळी सात वाजता त्या तिथे बसतात. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराला दिवस कळतो. रात्रीची झोप बरीच सुधारली. नावे अजूनही आठवत नाहीत. पण परवा म्हणाल्या, "ती छत्रीवाली आज उशिरा गेली."

जुने ते सारे चांगले, असे मी म्हणत नाही. ओटीवर उजेड होता, पण पूर्वी तिथे पुरुष बसत. आत माजघर काळोखे आणि बाळंतिणीची खोली त्याहून काळोखी. वारा लागेल म्हणून झरोकासुद्धा बंद. धुरीत गुदमरत, भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या किती ओल्या बाळंतिणी मी पाहिल्या! त्याला तेव्हा कोणी दुखणे म्हटले नाही. त्या खोल्या पाडल्या ते बरेच झाले. त्यांच्याबरोबर ओटी का पाडायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

गावात घर बांधणाऱ्या चाकरमान्यांना माझी विनंती आहे. नकाशा पक्का करण्यापूर्वी आईची खाट कुठे पडेल आणि तिच्यावर बसून काय दिसेल, हे इंजिनिअरला विचारा. घरकुलाच्या २५ चौरस मीटरमध्येही हे जमते. खिडकी खालच्या बाजूला वाढवली तर भिंतीला चिरे कमीच लागतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ता. गुहागर