सूचना : शनिवारी पाण्याखालच्या उपकरणांची देखभाल

शनिवारी ओहोटी संपून पाणी स्थिरावलं की उपकरणं वर काढायची आहेत. बोट तासभर आधी सुटेल.

सेन्सर वर आला की लगेच घासायला घेऊ नका. आधी फोटो, मग बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात सेन्सरची एक नोंद. साफ केल्यावर त्याच पाण्यात दुसरी. या दोन नोंदींतल्या फरकावरूनच शेवाळ आणि बार्नेकलमुळे (चिकटून बसणारे कवचाचे छोटे समुद्री जीव) मागच्या आकड्यांत किती चूक शिरली ते कळतं. ऑक्सिजन सेन्सरच्या पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) तारेचा ब्रश अजिबात नको, मऊ फडकंच. ओ-रिंगवर (पाणी आत जाऊ न देणारं रबरी कडं) एखादा केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं. ग्रीस पातळ लावा.

क्लोरोफिल (हरितद्रव्य) मोजायचे पाण्याचे नमुने काळ्या बाटल्यांत, बर्फावर. नोंदवहीत वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) लिहा (मोबाइलची वेळ लिहिणारे दरवेळी निघतातच!). समुद्र खवळला तर फेरी रद्द.