दाभणाच्या टोकावरची ठिणगी

रावेर, 9 फेब्रुवारी

प्रिय दोस्ता,

आपल्या टेस्ला कॉइलची ठिणगी एक वीत आणि वर चार बोटं झाली. आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील.

दिवाळीत तू पाहिलीस ती कॉइल आठव, व्होल्टेज प्रचंड चढवून हवेत ठिणगी सोडणारी. चार इंची पाइप, हजारावर वेढे, दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी. ठिणगी कशी, तर चार बोटांची, तीही झाडाच्या मुळासारखे फाटे फुटलेली. तू म्हणालास, मोठे आयजीबीटी, म्हणजे दणकट ट्रान्झिस्टर, घाल, करंट वाढव. खिशात तेवढे पैसे नव्हते, तेच बरं झालं. ट्रान्झिस्टर अजून तेच आहेत, आयआरएफपी 460 ची जोडी, आलटून पालटून चालू-बंद होणारी, म्हणजे हाफ ब्रिज. बदलली ती कॉइल, आणि विजेचा पल्स, म्हणजे झटका, किती वेळ द्यायचा ते.

आपण एक-एक मिलिसेकंदाचे पल्स मारत होतो, तेही मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, लाटेत कुठेही पडणारे. कधी ऐन शिखरावर, कधी पार तळाला. आता पुरवठ्यात एकच डायोड आहे आणि फिल्टरचा मोठा कपॅसिटर काढूनच टाकलाय. त्यामुळे ब्रिजला मिळतं ते 50 हर्ट्झच्या लाटेच्या वरच्या अर्ध्याचं कुबड, जसंच्या तसं. शून्यापासून शिखरापर्यंत 5 मिलिसेकंद. पल्स शून्यावर चालू करायचा आणि शिखर गाठलं की बंद. चढण फुकटात मिळते!

यात होतं काय, तर सुरुवातीला टोकावर एवढीशी ठिणगी उमटते. तिची वाट तापते, तापली की वीज वाहून नेऊ लागते, आणि व्होल्टेज हळूहळू चढत असल्यामुळे ठिणगी नवे फाटे न फोडता त्याच वाटेच्या शेंड्याला पुढे वाढते. एकदम दणका दिला की ती चहूकडे फाटते. शिखर ओलांडल्यावर पल्स चालू ठेवला तर लांबी इंचभरही वाढत नाही, नुसते हीटसिंक तापतात. हे मी पॉटची घुंडी फिरवून फिरवून, बोटांना चटका बसेपर्यंत पाहिलं.

अण्णांना मोटार वाइंडिंगच्या दुकानात हे समजावत होतो. पंपाची मोटार सोडून त्यांनी मान वर केली, म्हणाले, ‘म्हणजे स्टार-डेल्टाच की.’ मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पुऱ्यावर न्यायची ती रीत. तंतोतंत तसं नाही, पण दहा मिनिटांच्या माझ्या भाषणापेक्षा ते बरं होतं.

सेकंडरी, म्हणजे ठिणगी देणारी कॉइल, आता 75 मिलिमीटरच्या पाइपवर आहे. दुकानातलीच 33 गेजची एनामल वायर, 20 सेंटिमीटर लांबीत 710 वेढे, अण्णांच्या वाइंडिंग मशीनच्या काउंटरवर मोजलेले. वरून मोटारीचं वार्निश मारून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. डोक्यावर ड्रिपच्या 16 मिलिमीटर नळीचं कडं, त्यावर ॲल्युमिनियमची टेप, आणि ठिणगी सुटायला पोती शिवायचं दाभण. फ्रीक्वेन्सी साडेचारशे किलोहर्ट्झच्या जवळपास गेली. सरळ ठिणगीला ती वरचीच लागते. खाली दोनशेला फाटे फुटायची खोड जातच नाही. ठिणगी लांबली की फ्रीक्वेन्सी थोडी खाली घसरते, पण कॉइलची लाट टिपून ब्रिजला ताल देणारी फीडबॅकची अँटेना तिच्या मागे मागे जाते. त्या वायरच्या तुकड्याचं मला अजून कौतुक वाटतं.

दर सायकलला पल्स दिला तर ट्रान्झिस्टर भाजतात. म्हणून 4017 हा मोजणारा आयसी लावून पाचातली एकच सायकल घेतो, सेकंदाला दहा. टक-टक-टक आवाज येतो. अंधारात प्रत्येक टकला दाभणातून जांभळट पांढरी सळई निघते, अगदी आखल्यासारखी, आणि ओझोनचा वास खोलीभर. आई दारात येऊन म्हणाली, ‘हाई काय शे भो? घर जाळी टाकशी तू!’ आणि मग तिथेच पाच मिनिटं बघत उभी राहिली.

आता फजिती. ट्रान्झिस्टरना चालू-बंदचा इशारा देणाऱ्या गेट ट्रान्सफॉर्मरला आधी जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधली पिवळी रिंग वापरली. ती निघाली लोहचूर्णाची. गेटची लाट पार लोळली, तीन संध्याकाळी वाया. फेराइटची हिरवी रिंग टाकली, सुधारलं. दुसरी फजिती महाग पडली. लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची काळी क्लिप सरळ ब्रिजच्या मधल्या बिंदूला लावली. ती क्लिप म्हणजे अर्थ, हे तूच मला कॉलेजात शिकवलं होतंस ना? फाडकन आवाज, दोन्ही ट्रान्झिस्टरचे तुकडे भिंतीला, गल्लीतला फ्यूज उडाला. शेजारच्यांची टीव्हीवरची मॅच गेली, ते अजून बोलत नाहीत. आता सर्किट मेन्सपासून वेगळं ठेवणारा, अण्णांनी वाइंडिंग केलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये असतो, आणि पहिली चाचणी 200 वॅटच्या सिरीज बल्बवरच.

एक गोष्ट तुला पुण्यात बसून कळायची नाही. सध्या केळीला पाणी चालू आहे. दिवसा सगळ्या शिवारातल्या मोटारी ओढतात, मीटरवर 190 व्होल्ट दिसतं, शिखर जेमतेम 270. रात्री दोनला 235, म्हणजे शिखर 330 च्या वर. त्यातलं अर्धंच ब्रिज कॉइलला देतो, तरी दिवसा ठिणगी तीन बोटं आखूड. त्यामुळे सगळे प्रयोग रात्रीचे, स्वेटर घालून.

पुढचा विचार असा, की मेन्सच्या कुबडावर विसंबायचं नाही. प्रायमरीला, म्हणजे ब्रिज चालवतो त्या कॉइललाही, कपॅसिटर लावून दोन्हीकडे रेझोनन्स, आणि ब्रिजला मिळणारं व्होल्टेज बक कन्व्हर्टरने, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटने, आपल्या हाताने 10 ते 20 मिलिसेकंदांत चढवायचं. फार सावकाश चढवलं तर गरम हवेने ठिणगी वर वळते, म्हणून उतार जमवावा लागेल. त्या बकच्या कंट्रोल लूपमध्ये माझं डोकं चालत नाही. ते काम तुझं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येतोस ना? भरीत तेव्हा हिवाळ्यासारखं लागणार नाही, पण काड्यांवर वांगी भाजू, कळण्याची भाकरी आई करेलच. येताना चांगले फिल्म कपॅसिटर आण, जास्त व्होल्टेजचे, इथे मिळत नाहीत. आणि फ्यूज आण. डबाभर.

तुझाच,
वाइंडिंगवाला