आदेशाखाली खर्चाचा आकडाही लिहा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा मी सरपंच. मंत्रालयातून शासन निर्णय निघाला की जिल्हा परिषद, पंचायत समिती करत तो आमच्या टेबलावर येतो. शेवटाकडे बहुधा एक वाक्य असतं, की खर्च स्वनिधीतून भागवावा. त्याखाली संकेतांक, डिजिटल स्वाक्षरी आणि प्रती कुणाकुणाला याची लांबलचक यादी. खर्च किती येईल, हे मात्र कुठंच नसतं.

स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. कास्तकाराच्या घरात कापूस-सोयाबीनचा पैसा आला तर वसुली. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, बाजारात अनेकांचा माल चार हजारांच्या आसपासच गेला. अशा साली शिपाई पावती-पुस्तक घेऊन दारात गेला की “उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) होऊ द्या, मग पाहू” हेच उत्तर. जे जमतं त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. ते रास्तच आहे, त्याला माझी ना नाही. पण उरलेल्या चार पैशांवर किती जणांचा डोळा असतो ते पाहा.

पाण्याचंच घ्या. जलजीवन मिशनमधून टाकी झाली, नळ आले, बायकांची पायपीट कमी झाली. मात्र योजना ताब्यात घेतली त्या दिवसापासून मोटारीचं वीज बिल आमचं. मे महिन्यात विहीर तळाला जाते, मोटार कोरडी चालते आणि जळते. रिवाइंडिंगवाला सरकारी योजना म्हणून उधारी ठेवत नाही. पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरिनची) पावडर आमची, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे आम्ही, पाणी सोडणाऱ्याच्या पगारातही आमचा वाटा. यातलं काहीच टाळता येत नाही; टीसीएल चुकलं की पावसाळ्यात गावात गॅस्ट्रो ठरलेला. पण ही योजना दरवर्षी चालवायला गावाला किती लागतील, तो आकडा आमच्या ग्रामसभेत कुणी वाचून दाखवला नाही. नळाचं उद्घाटन मात्र झालं.

मग केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना येणाऱ्या निधीकडे बोट दाखवलं जातं. पंधराव्या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे तिथंच खर्चायचा होता; 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. 2021 मध्ये आदेश आला, पथदिव्यांची बिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरा. दाखले देणाऱ्या संगणक परिचालकाच्या केंद्रापोटी महिन्याला 12,331 रुपयेही कित्येक वर्षं आयोगाच्याच पैशातून गेले. अबंधित निधी असा आधीच बांधून येतो.

गावातल्या धंद्यांचं वेगळं नाही. किराणा दुकानाच्या किंवा छोट्या हाटेलच्या अन्न नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये; ऑनलाइन अर्ज भरून देणारा त्याहून जास्त घेतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला दरवर्षी मुद्रांकन, म्हणजे तपासून सरकारी शिक्का. फी फार नाही, पण काटा घेऊन तालुक्याला जायचं म्हणजे त्या दिवशी शटर बंद. फी ठरवणाऱ्याच्या हिशेबात ते बंद शटर येत नाही.

विधिमंडळात खर्चाचं विधेयक आलं की वित्तीय ज्ञापन जोडतात. पण ते राज्याच्या तिजोरीवरचा भार सांगतं, ग्रामपंचायतीच्या गल्ल्यावरचा नाही. परिपत्रकाला तर तेवढंही लागत नाही. अमेरिकेत 1995 पासून कायदा आहे, की राज्यांवर, स्थानिक संस्थांवर किंवा खासगी धंद्यांवर मोठा खर्च लादणारं विधेयक आलं तर संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानं तो खर्च काढून सभागृहापुढे ठेवायचा. म्हणून विधेयक अडतंच असं नाही, पळवाटाही भरपूर आहेत. पण हात वर करणाऱ्याला आकडा माहीत असतो. आपल्या केंद्रानंही 2014 मध्ये ठरवलं, की कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा आणि त्याचा आर्थिक परिणामही सांगावा. ही रीत शासन निर्णयांना लावायला काय हरकत आहे?

माझं मागणं एवढंच. प्रत्येक आदेशात लिहा : एकदाचा खर्च किती, दरवर्षीचा किती, आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून. हजार वस्तीच्या गावाला वेगळा, दहा हजारांच्या गावाला वेगळा. आदेश काढण्याआधी चार-दोन ग्रामसेवकांना विचारा, ते रुपयापर्यंत सांगतील. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. शिक्के नि पाट्या बदलायचा खर्चही कुणी मोजला नसेलच.)

येत्या ग्रामसभेत आम्ही वर्षभरातल्या आदेशांची यादी लावणार आहोत. प्रत्येकापुढे खर्चाचा रकाना आम्हीच आखून भरू आणि ठरावासह प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवू. तुमच्या विभागाचा आकडा वेगळा निघाला तर कळवावं.

आपला,
एक सरपंच, यवतमाळ जिल्हा