लाल रस्सा आणि माशाची वांगी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी लिहिले होते की, शाकाहारी माणसाने चीनला जायचे तर खाकरे-मेतकुटाची बॅग भरून न्यावी, तिथे आपल्याला खाण्यासारखे काही नसते. वाचून राहवेना. गेल्या हिवाळ्यात मी लेक-जावयाकडे चेंगदूला ७० दिवस राहून आले. मी जन्माची शाकाहारी, अंडेसुद्धा नाही. आले ती दोन किलो वजन वाढवूनच. तरी त्या वाचकांचे सगळेच चूक आहे असेही मी म्हणणार नाही.

चेंगदू म्हणजे सिचुआन प्रांताची राजधानी. युनेस्कोने २०१० मध्ये तिला खाद्यनगरीचा मान दिला. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, लहानाची मोठी झालेली मी, मला ते चटकन पटणार थोडेच! सगळ्या चीनचे घड्याळ एकच, पेइचिंगचे, त्यामुळे तिकडे पश्चिमेला डिसेंबरात आठ वाजत आले तरी धड उजाडत नाही. पोहोचल्यावर आधी पोलिसांकडे नावनोंदणी. घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याला २४ तासांत ती करावीच लागते. एक सुख मात्र पहिल्या दिवसापासून: कुठेही बसा, न मागता गरम पाणी समोर येते. मोबाइल दाखवून पैसे देण्याचे कौतुक मी सांगणार नाही. ३४ वर्षे बँकेत नोटा मोजल्या, पण आता आमचा पोहेवालाही तेच करतो.

पहिल्या आठवड्यात लेकीने वांग्याची भाजी मागवली. जावयांच्या मोबाइलने मेनूचे भाषांतर दाखवले, ‘माशाच्या वासाची वांगी’. मी ताट सरकवले आणि भातावर जीरावन, आपला इंदुरी मसाला, भुरभुरून जेवले. नंतर कळले की त्यात मासा औषधालाही नसतो. लोणच्यातली मिरची, आले, लसूण, कांद्याची पात, व्हिनेगर आणि साखर, असा तो माशासाठी वापरायचा मसाला, तोच वांग्याला लावलेला. काही ठिकाणी खिमा मात्र घालतात, तेवढा नको म्हणून सांगायचे. पुढे ती वांगी मी आठवड्यातून दोनदा खाल्ली.

आणि जे बिनघोर खाल्ले, तिथे फसले. थंडी फार म्हणून एका संध्याकाळी हॉटपॉटला गेलो. टेबलातच शेगडी, वर मधोमध पत्रा लावलेले भांडे. एका बाजूला पांढरा रस्सा, दुसऱ्या बाजूला लालभडक, त्यात मूठ-मूठ सुक्या मिरच्या तरंगताहेत. मी कमळकाकडी, बटाटा, टोफू, पालेभाज्या लाल बाजूला सोडत होते. शिजले की तिळाच्या तेलात ठेचलेल्या लसणाच्या वाटीत बुडवायचे आणि खायचे. दुसऱ्या घासाला जीभ बधिर झाली आणि मला एकदम आईचे स्वयंपाकघर आठवले. तिरफळ! आई वेंगुर्ल्याची, तिच्या आमटीत तिरफळ असायचेच. ते लोक ज्याला ह्वाज्याओ म्हणतात ते तिरफळाचे सख्खे भावंड, एकाच कुळातले. वापरायची रीतही तीच, काळी बी फेकायची आणि टरफल घ्यायचे. मी लेकीला म्हटले, “अगं, हे तर आजोळचे जेवण!”

आठ दिवसांनी दुकानात त्याच रश्श्याच्या मसाल्याची थिजलेली वडी पाकिटात दिसली. लेकीने मागची अक्षरे वाचली आणि पाकीट गुपचूप परत ठेवले. मी विचारल्यावर सांगितले: बैलाची चरबी. तिकडच्या पारंपरिक लाल रश्श्याचा आधारच तो. त्या दिवशी घरी येऊन देवाजवळ दिवा लावला, बोलले काही नाही. पोटात गेलेले आठ दिवसांनी काय परत येणार? हॉटेलवाल्याचा दोष नव्हता. आम्ही ‘मांस नको’ म्हटले होते, त्याने एक तुकडाही आणला नव्हता. रस्सा कशाचा, हे आम्ही विचारलेच नाही. वनस्पती तेलातला लाल रस्साही मिळतो, त्याला ‘छिंग योउ’ म्हणतात. आणि त्यांच्या बोलण्यात नुसते ‘रौ’, म्हणजे मांस, हे बहुधा डुकराचे. ते नको म्हटले की कोंबडी चालेल असा समज होऊ शकतो.

बरोबर शब्द ‘सू’. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे. हा शब्द देवळातला. चेंगदूत वेन्शू मठ आहे. वेन्शू म्हणजे बौद्धांचा मंजुश्री. तिथल्या भोजनालयात कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे आमचा चातुर्मासच! मैद्याच्या चिकट गोळ्याचे आणि टोफूचे हुबेहूब मासे करून वाढतात, ते मला रुचले नाहीत. सोडलेल्या वस्तूचा आकार तरी कशाला हवा? पण तिथले साधे मशरूम आणि पालेभाजी अजून आठवते. रस्त्यावर नागमोडी कापलेले तळलेले बटाटे तिखट, तिरफळ, कोथिंबीर लावून मिळतात. आपल्याकडच्या तळलेल्या कंदाची, गराडूची आठवण झाली. त्या बटाट्यांत एक मुळी घालतात, तिला कच्च्या माशाचा वास येतो आणि ती शंभर टक्के भाजी असते. ती मात्र मला जमली नाही.

हे लिहायचे कारण, आपल्याच पेपरात ‘चीन सहल, शुद्ध शाकाहारी, महाराज सोबत’ (महाराज म्हणजे स्वयंपाकी) अशा जाहिराती येतात. इतक्या लांब जाऊन महाराजांच्या हातचे पनीर बटर मसालाच खायचे, तर इंदूरची खाऊगल्ली छप्पन दुकान काय वाईट? महाराज न्यावेत, खुशाल न्यावेत. पण प्रत्येक प्रवाशाला चिनी अक्षरांत छापलेले एक कार्डही द्यावे: मी ‘सू’ खातो, तेल कोणते, रस्सा कशाचा. खर्च दोन रुपये.

आपली,
एक निवृत्त कॅशियर, सुदामानगर, इंदूर

ता. क. नाव कृपया छापू नये. जावई आपला पेपर मोबाइलवर वाचतात, आणि त्या संध्याकाळी लाल रस्सा त्यांनीच मागवला होता.