हद्दपारीला ‘वरदान’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्यूंच्या देशांतरावर आलेला लेख वाचला. यहुदी (ज्यू) धर्मातील हसिदी या भक्तिमार्गी पंथाने देशोधडीला लागणे हे वरदानच मानले आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावे गेलेल्या आमच्या भागातील लोकांनीही त्यापासून बोध घ्यावा, असे लेखकाचे म्हणणे आहे. हसिदी विचाराने हद्दपारीत हेतू पाहिला, एवढे खरे. पुढचा निष्कर्ष मात्र त्या परंपरेला धरून नाही.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले. आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो, असे यहुदी आजही सणाच्या प्रार्थनेत म्हणतात. म्हणजे शिक्षेची कल्पना जुनी आहे आणि ती हसिदींनीही टाकून दिलेली नाही. परंतु तिच्या शेजारीच तालमूद या यहुदींच्या प्राचीन धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) एलाझार यांचे एक निराळे वचन आहे. शेतकरी एक माप बी टाकतो ते अनेक खंड्या धान्य घरी यावे म्हणूनच, आणि देवाने इस्राएलाला, म्हणजे यहुदी लोकांना, राष्ट्राराष्ट्रांत विखुरले तेही तिथले लोक त्याला येऊन मिळावेत म्हणून, असा त्याचा आशय आहे. हसिदी गुरूंनी या वचनाचा अर्थ पुष्कळ व्यापक केला, आणि त्यासाठी लागणारी भाषा त्यांना गालील प्रांतातील त्स्फात (Safed) गावचे गूढवादी गुरू इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्याकडून मिळाली. १४९२ मध्ये स्पेनमधून झालेल्या यहुदींच्या हकालपट्टीच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाश पेलताना पात्रे फुटली, त्यांतील ठिणग्या जगभर विखुरल्या आणि टरफलांत अडकून पडल्या; त्या सोडवून वर नेणे हे माणसाचे काम आहे, ही लुरिया यांची शिकवण. ठिणग्या सर्वत्र आहेत, म्हणून त्या गोळा करणाऱ्यांनाही सर्वत्र जावे लागणार, हे ओघानेच आले.

आजच्या युक्रेनमधील पोडोलिया प्रांतात हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव (निधन १७६०) यांनी हा गूढ विचार बाजारात आणि स्वयंपाकघरात आणला. माणूस व्यापारासाठी परगावी गेलो असे समजतो, पण खरे तर त्याच्या वाट्याची ठिणगी तिथे थांबलेली असते. तिथले अन्न खाताना त्याने म्हटलेल्या आशीर्वचनाने ती सुटते. पुढे लियादीचे हसिदी गुरू श्नेऊर झल्मान यांनी १७९६ मध्ये छापलेल्या ‘तान्या’ ग्रंथात याची तर्कशुद्ध मांडणी केली. देवाला या सर्वांत खालच्या, जड जगातच निवास हवा आहे, आणि मसीहाच्या काळात जे पूर्णत्व येणार ते हद्दपारीच्या संपूर्ण काळात आपण केलेल्या कृतींवर अवलंबून आहे, असे ते सांगतात. त्यांत दानधर्माला ते फार वरचे स्थान देतात, कारण राबून मिळवलेला पैसा देणारा आपला सारा जीव त्यात ओतत असतो. हे जग सोडून स्वर्गलोकाकडे पळून जाण्याची भाषा येथे नाही, हे मला विशेष वाटते.

मुंबईच्या नरिमन हाऊसमुळे २००८ नंतर मराठी वाचकांना जे नाव कळले ते खबाद केंद्र याच श्नेऊर झल्मान यांच्या परंपरेतले आहे; दूरदूरच्या शहरांत अशी केंद्रे उघडण्यामागे हाच विचार आहे. लेखकाने याच ओघात कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजालाही हसिदी ठरवले आहे, ते मात्र साफ चूक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ पूर्व युरोपात हसिदी पंथ जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात होते.

आता ‘वरदाना’विषयी. हेच हसिदी दररोज तीन वेळा विखुरलेल्यांना एकत्र आण अशी प्रार्थना करतात आणि मंदिरनाशाच्या दिवशी, आव महिन्याच्या नवमीला, जमिनीवर बसून उपवास करतात. इस्राएल जिथे हद्दपार झाला तिथे देवाचे सान्निध्य, म्हणजे शेखिना, त्याच्यासोबत गेले, असे तालमूद म्हणते. हसिदी शिकवणीत ही शेखिनाही परागंदा आहे, तिचेही दुःख आहे. ज्या स्थितीत प्रत्यक्ष देवही घराबाहेर आहे, तिला कोण वरदान म्हणेल?

शिवाय पेरणीचा दाखला दिला की भंडाऱ्याकडचा धान उत्पादक लगेच विचारणार, पऱ्हे (धानाची रोपे) वाळून गेले त्याचे काय? हा प्रश्न त्या परंपरेच्या आतूनही उठला आहे. पोलंडमधील पियासेच्नोचे हसिदी गुरू कालोनिमस कालमन शपिरा यांनी १९३९ ते १९४२ या काळात वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, प्रवचने दिली आणि ती लिहून जमिनीत पुरून ठेवली. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना मारले आणि युद्धानंतर ती हस्तलिखिते सापडली. अशी संकटे पूर्वीही आली होती, असे आधी लिहिणाऱ्या या गुरूंनी १९४२ च्या अखेरीस त्याला टीप जोडली की, आता जे घडते आहे तसे कधीच घडले नव्हते. देव आतल्या दालनात रडतो आहे आणि माणसाने तिथे जाऊन त्याच्यासोबत रडावे, हे त्यांचे सांगणे होते. ठिणग्यांचा हिशेब ते मांडत बसले नाहीत.

हद्दपारीचा हा अर्थ हसिदी गुरूंनी स्वतःच्या दुःखाला लावला, तो रोमनांच्या बचावासाठी नव्हे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या प्रकल्पासाठी ज्यांनी घर सोडले, त्यांचा प्रश्न मोबदल्याचा, शेतजमिनीचा आणि नव्या गावठाणातील सोयींचा आहे. त्यांना हा बोध तिसऱ्या माणसाने करावा, यात औचित्य नाही. लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात आव नवमीच्या उपवासाविषयी आणि शपिरा यांच्या प्रवचनांविषयी लिहावे, तसेच बेने इस्राएलांबाबतची चूक दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा