साक्ष यंदाची द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की तुमच्या पेपरात चर्चच्या रोषणाईचे, गव्हाणीच्या देखाव्याचे फोटो येतात, बघून बरं वाटतं. एरवी आमचं नाव निघतं ते धर्मांतराच्या वादात. डिसेंबर 2021 ला इथंच बेळगावात, कर्नाटक सरकारच्या सुवर्णसौध इमारतीतल्या अधिवेशनात, धर्मांतराविरुद्धचं बिल विधानसभेत पास झालं तेव्हा तर जिथं तिथं तोच विषय होता. मला लिहायचंय ते ह्या दोन्हीत बसत नाही. माणूस ख्रिस्ती घरात जन्मला, संडे स्कूल झालं, दृढीकरण झालं (मोठं झाल्यावर विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), लग्न पण चर्चमध्येच झालं, पुढं काय? तो विश्वासात वाढतो की तिथंच थांबतो?

मी बरीच वर्षं संडे स्कूलला शिकवते म्हणून हे जवळून बघायला मिळतं. आमच्यात घरगुती प्रार्थनासभेला साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. चांगली पद्धत आहे. पण नीट ऐकलं तर बहुतेक साक्षी जुन्या असतात, दारू सुटली ती पंचवीस वर्षांपूर्वी, आजारातून उठलो ते मुलगा लहान होता तेव्हा. खऱ्या आहेत, त्याबद्दल देवाचे आभारच. पण ह्या वर्षी माझ्यात काय बदललं, कुणाची माफी मागितली, कुठली सवय सोडली, हे सांगणारा माणूस क्वचित उभा राहतो.

पेत्राचं बघा. प्रभूबरोबर राहिलेला, मोठा प्रेषित, हजारो लोकांना उपदेश केलेला माणूस. तरी यापो गावात छपरावर प्रार्थना करताना त्याला दृष्टांत होतो, चादरीसारखं काहीतरी खाली येतं, त्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी, आणि देव म्हणतो खा, तर हा देवालाच म्हणतो नको, मी विटाळलेलं कधी खाल्लं नाही! तीनदा सांगावं लागलं. मग कुठं तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरात पाय ठेवतो. आणि एवढं होऊनही पुढं अंत्युखियाला यरुशलेमची माणसं आली तशी ह्यानं परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांच्या पंगतीतून अंग काढून घेतलं, पौलाला सगळ्यांसमोर त्याला बोलावं लागलं. पेत्राला जर पुन्हा पुन्हा बदलावं लागलं तर आपण एका बाप्तिस्म्यावर जन्म काढायचा म्हणजे काय?

आपल्या बेळगावचंच उदाहरण आहे, नव्या पोरांना माहीतही नसतं. बाबा पदमनजी 1831 ला इथं जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, 1854 ला बाप्तिस्मा पण इथंच घेतला. त्याआधी मुंबईत ते परमहंस सभेत होते, जातपात मोडायला लपून एकत्र जेवणारी मंडळी ती. आणि बाप्तिस्मा झाला म्हणून गप्प बसले नाहीत, 1857 ला विधवांच्या हालांवर त्यांची कादंबरी आली. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच, नवऱ्यानं 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या होत्या, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पाचेक वर्षांनी झाला, आणि सोवळंओवळं मनातून जायला जो वेळ लागायचा तो लागलाच.

आता एक आमच्या ओळखीतलं. खानापूर भागात एक काका आहेत, भाताची शेती. नांगरताना दरसाल बांध थोडा थोडा भावाच्या अंगाला सरकत गेलेला, दोघांना माहीत, बोलणं बंद. एका रविवारी पास्टरनी मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. पेरणीच्या आधी काकांनी भावाला शेतात बोलावलं, जुन्या हद्दीच्या दगडापासून सुतळी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि स्वतः फावडं घेऊन बांध मागं घ्यायला लागले. मुलगा चिडला, म्हणाला, "बाबा, ह्या वयात हे काय नवीन काढलाय?" भावाची बायको घरातून बाहेरच आली नाही, तिचा राग अजून आहे, आणि तो असणार. पण भाऊ दुसऱ्या टोकाला सुतळी धरून उभा होता. हे काका सभेत कधी उठून हे सांगणार नाहीत, म्हणतात ती काय साक्ष आहे का. मी म्हणते तीच साक्ष!

कारण अवघड बदल सगळे असलेच असतात. दारू सोडली की लोक कौतुक करतात, मुलीला जमिनीत वाटा दिला की भावकी तोंड फिरवते. सोयरीक जुळवताना आमच्यात अजून हळूच विचारतात, "मूळचे कोण?" हुंडा म्हणत नाहीत पण घ्यायचं ते घेतात. आणि भाषेचं तर बोलायलाच नको. सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे, 1956 पासून आमच्या भागावर अन्याय झालाय, मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत. पण एकत्र उपासनेत कन्नडमधून वचन वाचायला लागले की आमची माणसं घड्याळ बघतात आणि मराठी गीत लागलं की तिकडची, आणि मग हेच सगळे प्रभुभोजनाला एका रांगेत गुडघे टेकतात. ह्याच्यावर अंत्युखियात पौल चिडला होता.

माझी पास्टरांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे की येत्या उपासाच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधी, साक्ष यंदाची मागा, आणि कुणी अर्धवट बदललेला, अडखळणारा उभा राहिला तर त्याला हसू नका, थांबवू नका. आणि संपादक साहेब, पुढच्या नाताळला रोषणाईच्या फोटोशेजारी अशा एखाद्या बांधाची गोष्ट छापायला जागा ठेवा, नावं न घालता. सांगणारे मी शोधून देते.

आपली,
एक संडे स्कूल शिक्षिका, बेळगाव