प्लास्टरआधीच ठरवा दिव्यांच्या वाटा

संपादक महोदय,

घरसजावटीच्या पानांवर कोणत्या खोलीत कसला दिवा शोभेल, उजेड पिवळसर हवा की पांढरा, यावर पुष्कळ वाचायला मिळते. त्या दिव्यापर्यंत वीज नेणाऱ्या वायरिंगवर मात्र क्वचितच कोणी लिहिते. दिवा पाच मिनिटांत बदलता येतो. पाइप एकदा प्लास्टरखाली गेला की छिन्नी-हातोड्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. पलंगाची जागा बदलते, एका खोलीच्या दोन होतात, घरातल्या वयस्कर माणसासाठी रात्री आपोआप लागणारा दिवा हवा होतो आणि तेव्हा लक्षात येते, की स्विचबोर्डात हवी ती वायरच नाही. नवे घर बांधणाऱ्यांनी किंवा जुन्या घराचे वायरिंग बदलून घेणाऱ्यांनी गवंडी कामाला लागण्याआधी काय मागून घ्यावे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘पुढे लोड वाढेल, दिव्यांनाही जाड वायर घाला’ असा आग्रह बरेच जण धरतात. दिव्यांचा लोड वाढत नाही, एलईडीमुळे तो उलट घटला आहे. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की ‘पडून’ वीज तोडणारा स्विच) सुमारे १३८० वॅट घेतो आणि १० वॅटचे ३० दिवे मिळून ३०० वॅटच होतात. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर त्याला भरपूर झाली. तिथे २.५ ची घातली तर पाइपातली जागा जाते, बॉक्समध्ये वायर वाकत नाही आणि एका टर्मिनलमध्ये दोन बसवताना स्क्रू नीट आवळला जात नाही. सैल स्क्रू तापतो आणि मग स्विच काळा पडतो. पुढच्या बदलांसाठी वायर जाड नको, जास्त हवी, आणि ती ओढायला मोकळा पाइप हवा. (एकाच स्विचवर खूप एलईडी घेतल्यास त्यांचे ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारी सर्किटे) चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात आणि लोड कमी असूनही एमसीबी पडतो. तिथे दिवे दोन-तीन स्विचवर विभागावेत किंवा इलेक्ट्रिशियनकडून सर्किट तपासून सी कर्व्हचा, म्हणजे असा क्षणिक झटका सोसणारा, एमसीबी लावावा.)

सर्वांत जास्त काम अडते ते न्यूट्रलपाशी, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीपाशी. वायर वाचवण्यासाठी न्यूट्रल थेट छतातल्या पॉइंटला नेला जातो आणि स्विचच्या बॉक्समध्ये फक्त फेज (वीज आणणारी वायर) आणि दिव्याकडे जाणारी वायर एवढेच उतरते. साध्या स्विचला तेवढे पुरते. पण स्मार्ट स्विच, टायमर किंवा हालचाल ओळखणारा सेन्सर यांच्या आत छोटे सर्किट असते आणि दिवा बंद असतानाही ते जागे राहावे लागते. न्यूट्रल नसेल तर हे उपकरण स्वतःला लागणारा थोडासा करंट दिव्यातूनच ओढते. जुन्या ६० वॅटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. ५ वॅटचा एलईडी मात्र तेवढ्यावर मंद पेटत राहतो किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. मग दिव्याच्या टर्मिनलवर कपॅसिटरचा बायपास (तो थोडासा करंट दिव्याऐवजी स्वतःतून जाऊ देणारा) जोडण्यासारखे उपाय सुरू होतात. प्रत्येक स्विचबॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग आज वापर असो वा नसो, आलेच पाहिजे, असा हट्ट धरावा. दिव्याच्या प्रत्येक पॉइंटलाही अर्थिंग हवे. आज तिथे प्लास्टिकचा होल्डर असला, तरी उद्या कोणीतरी धातूचे झुंबर टांगेल आणि त्या दिवशी अर्थिंग आणायला वाट नसेल.

न्यूट्रल आणताना तो कुठून आणला, हेही पाहावे. ज्या एमसीबीवरून फेज आला, त्याच सर्किटचा न्यूट्रल परत गेला पाहिजे. जवळच्या बोर्डातून ‘उसना’ घेतलेला न्यूट्रल दोन तऱ्हेने नडतो. दोन सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर (जाणारा-येणारा करंट जुळला नाही तर वीज तोडणाऱ्या स्विचवर) असतील, तर गेलेला आणि परतलेला करंट जुळत नाही आणि दिवा लावताच आरसीसीबी पडतो. आरसीसीबी नसेल तर परिणाम अधिक वाईट. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्याचा, अशी जोडणी बरीच आढळते. वरचा एमसीबी बंद करून कोणी तो न्यूट्रलचा जॉइंट सोडवला आणि खाली स्विच चालू असला, तर दिव्यातून आलेला फेज त्या सुट्या टोकावर उभा असतो. काम करणाऱ्याने वीज बंद केलेली असते, तरीही त्याला शॉक बसतो. काही दिवे पुढे बॅटरी बॅकअपवर घ्यायचा विचार असेल, तर त्यांचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीपासूनच (सगळे एमसीबी असलेल्या पेटीपासूनच) वेगळे आणून ठेवावेत.

आता पाइप. १.५ स्क्वेअर एमएमची वायर इन्सुलेशनसकट साधारण ३ मिमी जाडीची असते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ७ चौरस मिमी. पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग वायरींनी भरू नये, असा प्रचलित दंडक आहे. बाहेरून २० मिमी असलेल्या पाइपाचा आतला व्यास १६ मिमी धरला, तर त्यात ११ वायरींचा हिशोब बसतो; २५ मिमीच्या पाइपात आतला व्यास २१ धरून १९. हा झाला कागदावरचा हिशोब. दोन बेंड असलेल्या २० मिमीच्या पाइपात आठव्या-नवव्या वायरीलाच घाम फुटतो आणि नंतर एखादी वायर ओढायला गेले, तर आधीच्या वायरींचे इन्सुलेशन सोलले जाते. म्हणून बोर्डापासून छताकडे जाणारा मुख्य पाइप २५ मिमीचा घ्यावा आणि पहिल्या दिवशी तो या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त भरू नये. दोन बॉक्समध्ये काटकोनातले दोनच बेंड असावेत. तिसरा आलाच, तर मध्ये बॉक्स टाकावा. कोपऱ्यावर आखूड एल्बो न लावता मोठ्या गोलाईचा बेंड लावावा. एल्बोतून पहिल्यांदा वायर जाते, कारण तेव्हा पाइप उघडा असतो आणि वायर हाताने सरकवता येते. पाच वर्षांनी तीच वायर बाहेर काढायला गेले की अडकून बसते. पाइपाचे जोड सोल्युशनने चिकटवलेले हवेत. सुटलेल्या जोडातून सिमेंटचे पाणी आत शिरते आणि आतच दगड होऊन बसते. स्लॅबमधल्या पाइपांची तोंडे काँक्रीट ओतण्याआधी घट्ट बंद करावीत.

प्रत्येक स्विचबोर्डापासून छताकडे एक रिकामा पाइप जादा ठेवावा. त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना फूटभर शिल्लक सोडावी आणि टोके बॉक्सच्या आत आडव्या काडीला बांधावीत, नाहीतर दोरी आत सरकते. लोखंडी तार ठेवू नये. ओलीने गंजते आणि नेमकी ओढायच्या वेळी तुटते. नवी वायर ओढणाऱ्याने दोरीला वायरीसोबत दुसरी दोरीही बांधावी, म्हणजे पुढच्या माणसाचीही सोय राहते.

दोन जागांहून चालणाऱ्या दिव्याचा निर्णय लोक ‘आत्ता गरज नाही’ म्हणून टाळतात, आणि नंतर सर्वांत जास्त भिंत याच कामासाठी फुटते. दाराजवळचा बॉक्स आणि पलंगाजवळचा बॉक्स यांना जोडणारा पाइप घालून त्यात पाच वायर टाकून ठेवाव्यात: तीन टू-वे जोडणीच्या, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. दोन्ही स्विचचे कॉमन (सामाईक टर्मिनल) एकमेकांना, पहिली टर्मिनल एकमेकांना आणि दुसरी एकमेकांना जोडायची; दाराजवळच्या बॉक्समध्ये पहिल्या टर्मिनलवर फेज द्यायचा आणि दुसऱ्यावरून दिव्याची वायर घ्यायची. या पद्धतीत फेज, न्यूट्रल आणि दिव्याची वायर तिन्ही एकाच बॉक्समध्ये राहतात, त्यामुळे न्यूट्रल उसना घेण्याची वेळच येत नाही. शिवाय पलंगाजवळ कायमचा फेज आणि न्यूट्रल पोचलेला असतो, तिथे उद्या वाचनाचा दिवा लावता येतो. लांब पॅसेजमध्ये हा पाइप मधल्या एका बॉक्समधून न्यावा, वायरींची थोडी ढील त्या बॉक्समध्ये ठेवावी आणि वर ब्लँक प्लेट लावावी. तिसऱ्या जागेहून दिवा चालवायचा झाला, तर तिथे इंटरमीडिएट स्विच बसतो.

छतातल्या दिव्यांची लूपिंग हा पुढचा मुद्दा. हॉलमध्ये आठ डाउनलाइट असतील आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ ओवली असेल, तर ते आठही दिवे कायमचे एका स्विचला बांधले जातात. त्याऐवजी खिडकीकडची रांग, आतली रांग आणि भिंतीवर उजेड पाडणारे दिवे अशा प्रत्येक गटाची वायर वेगळी बोर्डापर्यंत आणावी. आज एकच स्विच हवा असेल, तर तीनही वायर बोर्डातच एकत्र करा. वेगळे करायचे त्या दिवशी स्क्रू सोडवणे एवढेच काम उरते. प्रत्येक दिव्याची वायर थेट डीबीपर्यंत नेऊन तिथे रिले (इशाऱ्यावर चालणारा स्विच) बसवायचा सल्लाही दिला जातो. त्यात लवचिकता सर्वांत जास्त आहे, हे खरे. पण वायरींचा जुडगा फार मोठा होतो आणि नियंत्रण करणारे यंत्र बंद पडले की साधा दिवाही लागत नाही. साध्या घरासाठी गटवार वायर बोर्डात आणणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते. ज्या खोलीत पुढे प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळा कमी-जास्त करायची इच्छा आहे, तिथे गटाला तीनऐवजी पाच वायर टाकाव्यात. डालीसारख्या, दिव्यांना उजेडाचा इशारा वायरीतून देणाऱ्या पद्धतीला नियंत्रणाच्या दोन वायर जादा लागतात. त्या वीजवाहक वायरींसोबत एकाच पाइपातून नेता येतात, मात्र त्यांचे इन्सुलेशन २३० व्होल्टच्या दर्जाचेच हवे.

पट्टीच्या एलईडीत ड्रायव्हरची जागा चुकते. ६० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. ड्रायव्हर पट्टीपासून १० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर झालेल्या १.५ च्या वायरीत सुमारे १.२ व्होल्ट गळतात, म्हणजे दहावा हिस्सा, आणि पट्टी मंद दिसते. तीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर करंट निम्मा होतो, ०.६ व्होल्टच गळतात, म्हणजे अडीच टक्के. शिवाय एलईडीच्या आधी ड्रायव्हर जातो, कारण त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तो बंद फॉल्स सीलिंगच्या वर पुरून टाकला, तर बदलण्यासाठी छत कापावे लागते. ७५ मिमीच्या डाउनलाइटच्या भोकातून जो ड्रायव्हर बाहेर काढता येईल, तोच त्या भोकाशेजारी ठेवावा. मोठ्या ड्रायव्हरसाठी उघडता येणारे झाकण आधीच करून घ्यावे.

स्विचचे बॉक्स खोल घ्यावेत, निदान ४७ ते ५० मिमी. स्विचच्या मागे बसणारे रिले मॉड्यूल १५ ते २० मिमी जाड असते. उथळ बॉक्समध्ये ते कोंबले की प्लेट भिंतीला टेकत नाही आणि वायर चेमटतात. गरजेपेक्षा दोन मॉड्यूलने (स्विचच्या दोन घरांनी) मोठा बॉक्स घेऊन उरलेल्या जागी ब्लँक लावणे केव्हाही चांगले. डीबीतही निदान पाचवा हिस्सा जागा रिकामी हवी आणि घरातले सगळे दिवे एकाच आरसीसीबीवर नसावेत, नाहीतर एका ओल्या बाहेरच्या दिव्यामुळे सगळे घर अंधारात जाते.

वापरात नसलेल्या वायरींची टोके उघडी ठेवू नयेत. दोन्हीकडे कनेक्टर लावून एकच खूण लिहावी. अशा रिकाम्या वायरीला टेस्टर लावला तर तो मंद लागतो, मल्टिमीटरही बरेच व्होल्ट दाखवतो. शेजारच्या चालू वायरींमुळे आलेला तो भास असू शकतो. पण खात्री होईपर्यंत वायर चालूच आहे असे समजून मेन बंद करावा. जॉइंट पाइपात कधीच नको, फक्त उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये, आणि तोही पीळ देऊन टेप गुंडाळलेला नव्हे. टेपचा गोंद वाळतो आणि उघडे तांबे राहते.

हे सगळे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. मालकाने स्वतः करण्याचे काम एकच: खाचा उघड्या असताना प्रत्येक भिंतीचा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून मोजपट्टी लावून फोटो काढावा. पाइप उभे किंवा आडवेच गेले आहेत ना, हेही तेव्हाच पाहावे. तिरप्या पाइपात पुढे कोणाचा तरी ड्रिल घुसतो. प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाइपातली दोरी दोन्ही बाजूंनी ओढून पाहायला सांगावे. जिथे ती अडेल, तो पाइप त्याच दिवशी बदलून घ्यावा. वायर ओढून झाल्यावर, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक स्विच लावण्याआधी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. ते १ मेगाओमच्या खाली असता कामा नये, आणि नवे वायरिंग त्याच्या कितीतरी वर असते. हे आकडे आणि गटांचा नकाशा डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्यावा आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता द्यावा.

आपला,
एक वाचक (विद्युत पर्यवेक्षक)